वर पोचलं की ओझं रिकामं

सिंगापूरमध्ये डोंगर नाहीत. एक टेकडी आहे, तिला इथले लोक कौतुकानं डोंगर म्हणतात आणि तिच्यावर आज्ज्या छत्री घेऊन जातात. अशा देशात राहून पन्नाशीच्या दोन मराठी माणसांनी वाळवंटातला डोंगर चढायचं ठरवलं. एक मी, बुओना व्हिस्टाच्या एसी ऑफिसात पंधरा वर्षं गारठलेला. दुसरा माझा कॉलेजपासूनचा मित्र, यिशुनला राहणारा, बँकेत नोकरी करणारा, अतिशय सरळ माणूस.

ही गोष्ट मी फार रंगवून सांगतो. गणपतीत सांगितली आहे, एका मुंजीत सांगितली आहे, एकदा तर भर एमआरटीत उभ्यानं सांगितली आणि आमचं स्टेशन मागे गेलं. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. लिहून मात्र पहिल्यांदाच काढतोय. तसं मला बजावलं गेलं आहे. कोणी आणि का, ते शेवटी येईलच.

आधी सराव बघा. डोंगर नाही म्हणून जिना. सेंगकांगला आमची इमारत पंचवीस मजल्यांची. आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही दोघं पाठीवर सॅक घ्यायचो, प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाच लिटर पाण्याचा कॅन, आणि तळापासून वरपर्यंत चढायचो. दहाव्या मजल्यावर मित्राची बडबड बंद व्हायची, पंधराव्यावर माझी. वीसनंतर दोघांचेही टी-शर्ट पिळून काढावेत असे.

वर पोचल्यावर कामं वाटलेली होती. मित्र लिफ्टचं बटण दाबायला पुढे जायचा. मी दोन्ही कॅन उघडायचो आणि सगळं पाणी कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत ओतायचो, कारण मग खाली उतरून पुन्हा चढायच्या आधी कॅन तळमजल्याच्या नळावर भरता यायचे. रिकाम्या सॅका, लिफ्ट, खाली. ‘वर पोचलं की ओझं रिकामं,’ हे आमचं ब्रीदवाक्य. कुंड्या एका चिनी म्हातारीच्या होत्या. पहिला आठवडा ती खूश होती. मग एक दिवस दार उघडून ओरडली, “अंकल, इनफ लाह! माय प्लांट ऑलरेडी ड्राउनिंग!”

मित्र म्हणाला, “नाटक्या, निम्मं गटारात ओत. म्हातारीच्या मोगऱ्याला पोहायला शिकवतोयस.”

असे आठ महिने. उतरायचा सराव आम्ही एकदाही केला नाही. उतरायला लिफ्ट होती.

ओमानमध्ये एका वाडीपाशी गाडीरस्ता संपला. पुढे झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी कातळ, एकावर एक रचून ठेवल्यासारखा. म्हातारा ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, “साब, गाइड ले लो.” मी त्याला आमच्या जिन्याचे सगळे मजले मोजून दाखवले. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दोघांच्या सॅका हातानं जोखून बघितल्या. “पानी पूरा वापस तक का है. याद रखना.” संध्याकाळी तिथेच घ्यायला येतो म्हणून तो गेला.

चढायला सहा तास लागले. उत्तम चढलो. आणि गंमत म्हणजे टी-शर्ट कोरडे! जिन्यावर विसाव्या मजल्याला चिंब होणारी माणसं आम्ही, इथे चार तासांनीही इस्त्रीतून काढल्यासारखी. मित्राला मी म्हटलं, “बघ, आठ महिन्यांची मेहनत. घामसुद्धा येत नाही.” घाम येत होता, कातडीवर यायच्या आत हवेत उडून जात होता, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माथ्याच्या जरा आधी पाणी पिऊन झाल्यावर मित्रानंच दोघांच्या कॅनची झाकणं लावली. तेव्हा कॅन निम्म्याहून जास्त भरलेले होते.

माथ्यावर दगडांची एक छोटी रास होती. तिथे सॅका टेकवल्या. मित्र म्हणाला, “सिग्नल मिळतो का बघतो. तुझ्या वहिनीला सांगतो, जिवंत आहे.” फोन उंच धरून तो पलीकडच्या कडेला गेला.

आता यापुढचं मी आजवर कोणत्याही मैफलीत सांगितलेलं नाही.

मित्र पुढे गेला. मी सॅका उघडल्या. दोन्ही कॅन बाहेर काढले, झाकणं फिरवली आणि एक उजव्या, एक डाव्या हातात धरून उलटे केले. मी काहीही विचार केला नाही. वर पोचलो होतो, मित्र बटण दाबायला गेला होता, माझं काम मी करत होतो. शीळसुद्धा घालत होतो. पाणी कातळावर पडलं आणि पसरायच्या आत कडेनं वाळायला लागलं. इथे कुंड्या नाहीत, हे मला त्या वाळणाऱ्या कडेकडे बघून कळलं. कॅन सरळ केले तेव्हा एकात चारेक घोट उरले होते, दुसऱ्यात थेंबही नव्हता.

मित्राच्या बुटांचा आवाज आला. मी कॅन सॅकमध्ये आडवे टाकले, झाकणं नुसती अर्धवट फिरवून. तो समोर आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “अरे, झाकणं कशी लावलीस? सगळं सांडलं!”

सांगतो, आयुष्यातला माझा सगळ्यात सफाईदार प्रवेश तो. आवाजात राग, त्याच्या आत काळजी, डोळे मोठे. सॅक आतून कोरडी होती. त्यानं हात घालून पाहिलंसुद्धा नाही. सरळ माणूस. पांढरा पडला आणि म्हणाला, “माझी चूक.”

उतरताना तो हेच म्हणत राहिला. पहिला घोट मला दिला. दुसराही मलाच. मी म्हटलं, “तू घे ना.” तो म्हणाला, “सांडलं मी, मग प्यायचं कोणी?” आणि मी प्यालो. चारही घोट. प्रत्येक घोटाला तोंड उघडून खरं सांगता आलं असतं. मी तोंड पाण्यासाठी उघडलं.

उन्हं कलली तेव्हा त्याचे पाय वाकडे पडायला लागले. मग तो बसला आणि मला लिफ्ट कुठे अडकली म्हणून विचारायला लागला. ह्या जागेवर माझ्या गोष्टीत लोक हमखास हसतात. मी त्याला बगलेत धरून, फरफटत, बसवत उतरवलं. ड्रायव्हर वाट बघून स्वतःच वर चढून येत होता, म्हणून आम्ही सापडलो. त्यानं रिकामे कॅन उचलले, झाकणं पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

तिथल्या हॉस्पिटलात मित्राची लघवी कोऱ्या चहासारखी होत होती, मग होईनाशी झाली. किडन्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते ठरलेलं, त्याहून एक कपही जास्त नाही. बँक सुटली.

आणि मी मैफलींत ‘झाकण न लावता येणारा माणूस’ रंगवत राहिलो. तोही समोर बसून हसायचा. लोक त्याच्यासमोर डबे धरून म्हणायचे, “ह्याचं झाकण लागलंय का बघा हो!”

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी यिशुनला त्याच्याकडे गेलो होतो. वहिनींनी त्याचं दिवसभराचं पाणी मोजून बाटलीत भरलं, झाकण लावलं, पुन्हा पिळून घट्ट केलं. “हे मीच लावते भावजी. ह्यांच्यावर भरवसा नाही.” मित्र खाली मान घालून हसला. घरातल्या घरात, माझ्याशिवाय कोणी प्रेक्षक नसताना.

मी सांगून टाकलं. पहिल्यांदाच हातवारे न करता.

पंखा फिरत होता. मित्र म्हणाला, “दोन्ही कॅन?”

“हो.”

“मी बटण दाबायला गेलो म्हणून?”

“हो.”

“आणि घोट?”

मी पुढ्यातल्या चहाच्या कपाकडे बघितलं. मग तो म्हणाला, “सगळ्यांना सांग हे. पण तोंडानं नको. तोंडानं तू परत हसवशील. लिहून काढ.”

वहिनी इतका वेळ बाटली हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी झाकण काढलं, बाटली आणि झाकण त्याच्यासमोर वेगवेगळं ठेवलं.

“लावा तुम्ही,” म्हणाल्या.

डायलिसिसच्या सुयांनी फुगलेला हात त्यानं पुढे केला. झाकण लावलं. बाटली उलटी केली आणि धरून ठेवली. आम्ही तिघं बघत राहिलो. एक थेंब पडला नाही.

माझ्यापुढचा चहाचा कप वहिनींनी उचलून आत नेला. मी तो अजून प्यालो नव्हतो.