दादांची खुर्ची

मोहनदादा गेल्याचा शुभावहिनींचा फोन आला तेव्हा मी कॅल्गरीतल्या एका गॅरेजमध्ये विंटर टायर्स बसवून घेत होतो. दुसऱ्या दिवशी दादांना हॉस्पिटलमधून थोडा वेळ घरी न्यायचं होतं, आणि रस्ते निसरडे झाले होते. मेकॅनिकनं विचारलं, चारही बदलायचे ना? मी हो म्हटलं... दुसरं काय म्हणणार?

दादांची ओळख माझ्या बेकारीतली. तेल कंपनीनं आमचा अख्खा मजला घरी बसवला, तेव्हा कुणीसं म्हणालं, ते करिअर कोचिंग करतात, भेटून ये. कोच म्हणजे काय, मला कुठे ठाऊक! मी पेढे आणि जन्मवेळ घेऊन गेलो. त्यांच्या बेसमेंटमध्ये समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. "समज, मी इंटरव्ह्यू घेतोय. स्वतःबद्दल सांग," ते म्हणाले. मी वडिलांपासून सुरुवात केली. ते जिल्हा परिषदेत होते, थोरला भाऊ सीए, आम्ही मूळचे साताऱ्याचे... दादा शांतपणे म्हणाले, "बापट, नोकरी तुझ्या वडिलांना द्यायची की तुला?"

मग त्यांनी विचारलं, "तुला काय हवंय?" आणि गप्प बसले. ही त्यांची पद्धत. "तुम्हीच सांगा ना, तुमचा अनुभव मोठा," असं मी परोपरीनं घोळवून पाहिलं. ते नुसते बघत राहिले. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी बोलत सुटलो, आणि बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं, की मला पाइपलाइनची ड्रॉइंग्ज पुन्हा काढायची नाहीत, शिकवायचंय. आज मी कॉलेजात ड्राफ्टिंग शिकवतो. "दादांनी मार्ग दाखवला," असं मी गावभर सांगत फिरायचो. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "मी फक्त पेढे खाल्ले."

पोटाच्या कॅन्सरनं ते आडवे झाले, तेव्हा मी त्यांच्या खाटेशी सल्ल्यांची पोतडीच सोडली. हळद, टोरांटोचा डॉक्टर, नागपूरचे वैद्य. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"झालं? आता विचार."

"काय विचारू, दादा?"

"मी तुला विचारलं होतं ते."

विचारलं. "घरी, खाली, माझ्या खुर्चीत एकदा बसायचंय," ते म्हणाले. मी तिथल्या तिथे सांगून मोकळा, "शनिवारी नेतो." डॉक्टरांना विचारलंसुद्धा नव्हतं. मग मात्र नर्सच्या मागे लागून परवानगी मिळवली, जिन्यावरून उचलून न्यायला मित्र गाठले... शुक्रवारी ते गेले.

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "खालीच बसू या, वर करमत नाही." मी सवयीनं माझ्या जागेकडे वळलो, तोवर त्या तिथे बसल्या होत्या. उरली दादांची खुर्ची. अंग चोरून बसलो.

मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, आता मी काय करू हो? इथेच राहू, की पुण्याला जाऊ?"

एरवी दोन्ही बाजूंनी बोलायला मी तयार असतो. तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं. दादा गप्प बसायचे ते समजून उमजून, मला खरंच काही सुचेना. कोपऱ्यातली घर तापवणारी फर्नेस घरघरत सुरू झाली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.