आधी काडी

"सरक बाजूले."

हे तिचं नमस्काराच्या जागी असलेलं वाक्य. पदर कमरेला खोचायचा, डावा हात हवेत आडवा फिरवायचा आणि म्हणायचं, "सरक बाजूले." नंदुरबार स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी बाबू होतो. समोर रांग असायची, आणि ही बाई मिरचीचं पोतं हमालाच्या डोक्यावर देऊन थेट माझ्या टेबलापर्यंत यायची. एकदा एका कापडवाल्याने विचारलं, "बाई, आम्ही काय इथे झोपा काढायला उभे आहोत?" तिने त्याची टोपी उचलली आणि रुळांवर भिरकावली. पुढच्या खेपेला त्यानेच तिला वाट करून दिली.

माझा स्वभावही काही लोण्याचा नव्हता. साहेबाशी भांडूनच मी या लाइनीवर येऊन पडलो होतो. त्यामुळे आमचं दोघांचं रोज वाजायचं. मी म्हणायचो, "पोतं ओलं आहे, घेणार नाही." ती म्हणायची, "पोतं कोरडं शे, तुन्हं डोकं ओलं शे." मिरचीच्या खकाण्याने मी शिंकून शिंकून बेजार व्हायचो आणि ती कमरेवर हात ठेवून हसत उभी राहायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर आली की नकोशी वाटतात, आणि दोन दिवस दिसली नाहीत की आपण हमालाला विचारतो, का रे, बाई आली नाही?

आमच्याच गल्लीत तिचं घर. नवरा केव्हाच गेलेला. गावाबाहेर तिची पथारी होती, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. हंगामात ती पहाटेपासून तिथे राबायची आणि कामावरच्या बायांवर ओरडायची. तिचा हात सैल होता, हे मी लपवणार नाही. गल्लीत एकजण दारू पिऊन बायकोला मारायचा. एका संध्याकाळी ही कपडे धुवायचं बडवणं घेऊन आत शिरली आणि त्याला असं झोडपलं की तो आठ दिवस उताणा झोपू शकला नाही. मग त्याच्या बायकोच्याही एक कानशिलात लावली. "मार कसाले खास तू?" म्हणजे मार खातेस कशाला, असं तिला विचारलं, आणि तासाभराने दोघांसाठी भाकरी आणि ठेचा पाठवून दिला. गल्ली पोट धरून हसली. पण त्या घरातून पुन्हा रडण्याचा आवाज आला नाही.

तिला एकच लेक. अहिराणीत आंडेर म्हणतात. "मन्ही आंडेर" म्हणताना तेवढा तिचा आवाज खाली यायचा. सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीकाठच्या एका सधन घरात तिने ती दिली होती. नवरा त्या घरचा धाकटा मुलगा, त्याचं दुकान आफ्रिकेत, मोंबासाला. लग्नात बँड लागला, गल्लीने पोटभर जेवून घेतलं, आणि पोर जहाजात बसून गेली. नशीब काढलं पोरीने, असं आम्ही सगळेच म्हणालो. मीही म्हणालो.

मग ऐन हंगामात नवापूरकडचा एक माणूस तिकडून परत आला. त्याने तिला सांगितलं, तुझ्या पोरीचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिला. नवरा चिमटा तापवून डाग देतो. दुकानाची दारं लावली की रस्त्यावर किंकाळ्या ऐकू येतात, आणि पोरीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत.

त्या दिवशी ती पोतं न घेता ऑफिसात आली आणि माझ्यासमोरच्या पेटीवर बसली. तिला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाबू, मोंबासा कोन्ही लाइनवर शे?"

"बाई, ते समुद्रापलीकडे आहे."

"मंग समुद्रनं तिकीट काढ."

"अहो, ते काय दोंडाईचा आहे का? शिदोरी घेतली आणि निघाले?"

तिने टेबलावर मूठ आपटली. माझी दौत उडून सगळी शाई माझ्या धोतरावर. "मन्ही पोर तठे जळी ऱ्हायनी, आनि तू माले दोंडाईचा सांगस?"

मुंबईत माझा एक ओळखीचा होता, गोदीत काम करणारा. त्याचा पत्ता तिच्याकडून पाठ करून घेतला. तिने बैल विकले, जपून ठेवलेली सोन्याची पोत मोडली, पथारीवर अर्धी वाळलेली मिरची तशीच टाकली आणि निघाली. सोबत एक पत्र्याची ट्रंक, वाळवलेल्या भाकरींचं गाठोडं आणि तिखट.

त्यानंतरचे महिने कसे गेले, हे मला पुढे तिच्या लेकीने सांगितलं. जहाजात ही डेकवर, उघड्यावर, दोरखंडांच्या वेटोळ्यात झोपायची. खलाशांच्या भाकऱ्या थापून द्यायची आणि त्या बदल्यात गोडं पाणी घ्यायची. एका खलाशाने अंधारात हात लावला, तर त्याच्या कानाचा चावा घेतला. सकाळी तो कानाला फडकं बांधून कामाला आला. मोंबासाला उतरल्यावर तिने आपल्याकडच्या लोकांच्या एका भोजनालयात मसाला कुटायचं काम धरलं आणि दोन जेवणांवर तिथेच पडून राहिली. जावयाने तिला दारातही उभं केलं नाही. एक-दोनदा नोकरांकडून मारून हाकलून दिलं. ती परत जाऊन मसाला कुटायची आणि दुकानावर नजर ठेवायची.

पोर गरोदर आहे हे तिला तिथे कळलं. भर दुपारी, गिऱ्हाइकं असताना ती दुकानात शिरली, जावयाला गल्ल्यावरून खेचला आणि तराजूचं वजन घेऊन त्याचा खांदा फोडला. पोरीला हाताला धरून रस्त्यावर आणलं. तिथल्या आपल्या चार भल्या माणसांनी कागदपत्रं करून दिली, पण त्यात बरेच दिवस गेले. मग परतीचं जहाज मिळालं ते आषाढातलं. समुद्र खवळलेला, डेकवरून पाणी धो-धो वाहतंय, आणि पोरीला दिवस भरत आलेले. लाटेने पोर वाहून जाऊ नये म्हणून हिने दोघींना एका लुगड्याने खांबाला बांधून घेतलं. अंगावर वळ उठले. पोर म्हणायची, "आई, इथेच होईल गं माझं." ही तिच्या तोंडावर हात ठेवायची. "आठे नही. काडी मोडाना पहिले नही."

ही काडीची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्यांच्या जातीत काडीमोड व्हायचा तो असा. नवऱ्याने, नाहीतर त्याच्या घरच्या कर्त्या पुरुषाने, पाच परक्या माणसांदेखत स्वतःच्या हाताने काडी मोडायची. मोडताना जे पोटात असेल ते आईचं. जे जन्माला आलं असेल ते बापाचं, मग आईने पंचांच्या दारात डोकं आपटून जीव दिला तरी बापाचंच. म्हणजे मूल आधी झालं तर ते त्या चिमटेवाल्याच्या घरी जाणार. बाई जीव घेऊन धावत होती ती यासाठी.

आणि हे दुसऱ्या बाजूलाही ठाऊक होतं. जावयाची तार आली असणार, कारण आठवडाभर त्याचा थोरला भाऊ चार-पाच काठीवाल्यांना घेऊन सुरतेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हजर असायचा. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. सून गेली तरी चालेल, वंश घरी यायला हवा, असं तो चहावाल्याजवळ उघड बोलला. मी त्यांच्याकडे फलाटाचं तिकीट मागितलं, तर एकाने काठी माझ्या टेबलावर आडवी ठेवली. मी ती उचलून खिडकीबाहेर टाकली. तेवढंच काय ते माझं शौर्य.

दुपारची गाडी आली. डब्यातून आधी ट्रंक उतरली, मग बाई, मग पोटाखाली दोन्ही हात धरून वाकलेली पोर. बाईला मी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, रंग काळा ठिक्कर, केसांच्या झिपऱ्या झालेल्या.

थोरला पुढे झाला. अगदी गोड बोलला. "सूनबाईले घर लई जातस. बाळंतपन आमनाकडे. मंग काय ती काडी मोडू."

"पहिले काडी," ती म्हणाली.

त्याने पोरीचा हात धरला, तोच भाजलेला. पोर किंचाळली, आणि बाईने ट्रंक उचलून त्याच्या तोंडावर मारली.

पुढे जे झालं ते मारामारी म्हणण्यापलीकडचं होतं. काठ्या पडत होत्या आणि ती मार खात खात पुढेच येत होती. एक काठी तिच्या टाळूवर बसली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. रक्त डोळ्यांत उतरलं. बाहेरून आमचा टांगेवाला चाचा चाबूक घेऊन आत धावला आणि काठीवाल्यांच्या पायांवर फटके ओढू लागला. हमालाने एकाला ओझ्यासारखा उचलून आपटला. चहावाल्याने उकळता चहा दोघांच्या अंगावर ओतला. स्टेशन मास्तर जन्मात कोणाला अरे म्हणाला नव्हता. तो हातातल्या हिरव्या झेंडीच्या दांड्याने दिसेल त्याला बदडत होता आणि "कायदा आहे, कायदा आहे" असं ओरडत होता.

पोर माझ्या ऑफिसच्या दारात कोसळली. पुढच्या गाडीची वाट बघणाऱ्या दोन बायांनी तिला आत ओढलं आणि मला बाहेर ढकलून दार लावलं.

बाईने थोरल्याला वजनकाट्यावर पाडलं होतं आणि छातीवर गुडघा रोवला होता. दोघांच्या वजनाने काटा थडथडत होता. "बाबू, काडी दे!" बाजूला काचसामानाची पाटी होती. तिच्या पेंढ्यातून मी एक काडी उपसली आणि दिली. "पाच जन शेत?" होतो. मास्तर, चाचा, हमाल, चहावाला आणि मी. थोरल्याने मूठ घट्ट आवळली. तिने ती दातांनी उघडायला लावली, काडी त्याच्या बोटांत कोंबली आणि आपल्या दोन्ही हातांत त्याचा पंजा धरून पिरगाळला. आतून बाळाचं रडणं आलं. काडी मोडली, तिच्याबरोबर त्याचं बोटही मोडलं, आणि बाई त्याच्याच अंगावर आडवी झाली.

पोलीस आले, काठीवाले पळाले, त्या दोघी बाया आपल्या गाडीने निघून गेल्या. चाचाने बाईला, पोरीला आणि बाळाला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला होता, तिच्या उशाशीच बसून राहिला. पण डोक्याची जखम खोल आहे, असं त्याने मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. मी जवळच होतो.

"बाबू, काडी मोडनी ना?"

"मोडली, बाई."

"पोर व्हवाना पहिले?"

"हो. पहिले."

"खोटं बोलस तू. मन्हं डोकं फुटनं, कान नही फुटनात. पोरगं पहिले रडनं."

तिने माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की नखं रुतली. मेली तरी मार देऊनच जाणार ही बाई, असं मनात आलं आणि मला हुंदका फुटला.

"रडू नको. पंच बसतीन, तुमले इचारतीन. तठे असंच बोलजो. पाची जन असंच बोलजात."

सकाळी ती गेली.

तेराव्यानंतर पंच बसले, थोरल्याच्या गावी, देवळासमोरच्या पारावर. थोरला हाताला फळकुटं बांधून बसला होता. तो म्हणाला, पोर आधी रडलं, मग काडी मोडली. खरं तेच बोलला. पण घरच्या माणसाची साक्ष चालत नाही, म्हणून म्हाताऱ्या पंचाने आम्हाला एकेकाला पुढे बोलावलं. हमाल म्हणाला, काडी. चहावाला म्हणाला, काडी. चाचाने वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, काडी. मास्तर गाडीला एक मिनिट उशीर झाला तरी लिहून ठेवणारा माणूस. त्याने जानव्याला हात लावला आणि म्हणाला, काडी.

मग मी. मी मोठ्याने सांगितलं, सगळ्या गावाला ऐकू जावं असं. "आधी काडी मोडली. मग मूल रडलं."

यात मी काही वाईट केलं असं मला कधी वाटलं नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन, आणि तुम्हीही सांगाल.

म्हाताऱ्याने पंचांकडे बघितलं, पंचांनी माना हलवल्या. मूल आईचं झालं. बाहेर पोर बाळाला छातीशी धरून टांग्याच्या चाकाला टेकून उभी होती. चाचाने तिला हात देऊन वर चढवलं आणि म्हणाला, "चल बेटी, घर."

बाळ रडायला लागलं. नंदुरबारपर्यंत सगळ्या रस्त्यात ते रडत होतं, आणि त्याला गप्प कर असं आम्हा पाचांपैकी एकानेही म्हटलं नाही.