पूजेतली स्टिक

खंडेनवमीला हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमच्या इंद्रपुरीच्या क्वार्टरमध्ये बाबांच्या पाना-हातोडीशेजारी माझी हॉकी स्टिकही पूजेला बसायची. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा आईचा नियम. आणि एका वर्षी नेमकी त्याच दुपारी आमची विद्यापीठाची फायनल आली.

"मैत्रिणीची घे की आजचा दिवस," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "बाबा गेलेच ना शिफ्टला? कारखाना बसलाय का पूजेला?"

आईने स्टिकवर अक्षता टाकल्या, उत्तरपूजेला मूर्ती हलवतात तशी ती जरा हलवून पूजा संपवली आणि स्टिक माझ्या हातात दिली. मैदानावर पंचांनी कुंकवाचा डाग बघून विचारलं, "ये क्या है?"

"मेरी आई से पूछिए," मी म्हटलं. जिंकून देणारा गोल त्याच स्टिकने झाला.

पुढे मी देशाकडून खेळले. आता टाउनशिपच्या मैदानावर मुलींना शिकवते. यंदा खंडेनवमीला त्या सगळ्या आपापल्या स्टिक घेऊन घरी आल्या. आता आईला उभं राहवत नाही. तिने बसल्या जागेवरून एकेका स्टिकला कुंकू लावलं. मी कौतुकाने बघत उभी होते, तर माझ्यावरच खेकसली, "प्रॅक्टिसची वेळ झाली ना? मग उचला की!"