बुधाजीला मोकळं करताना

कमळाकरशेठ जमिनीचे दलाल. पनवेलच्या बाजारात त्यांची पेढी माझ्या किराणा दुकानासमोर होती. गावोगाव फिरून जमिनी दाखवायचं काम त्यांचा माणूस बुधाजी करायचा. संध्याकाळी परतला की दोघं चहा घेत बसायचे. शेठची बायको गेलेली, मूलबाळ नाही. घरी त्यांच्याशी बोलायला भिंतीच.

अठ्ठावन्न साली बुधाजीने पेढी सोडली. पोरं मोठी होत होती, त्याला स्वतःची दलाली करायची होती. शेठ "बरं" म्हणाले.

आता आमच्याकडची रीत अशी, की दलालाचा माणूस सुटला तर दलालाने स्वतः गावात जाऊन, त्याला शेजारी उभं करून, "हा आता मोकळा" असं सांगायचं. तोवर त्याचा शब्द तो दलालाचाच शब्द. स्वतःच्या नावाने त्याने सौदा केला, तर लोक त्याला चोर समजत.

शेठ काही उठेनात. कोणी विचारलं की म्हणायचे, "बुधाजी गावाला गेलाय, येईल." सगळ्या बाजाराला खरं ठाऊक होतं. मला तर त्यांचा संताप यायचा. एकटेपणा कुणाला चुकलाय? म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा?

एक दिवस बुधाजीच पेढीवर आला. मी समोरून ऐकत होतो.

"शेठ, तुमी सांगितल्याबिगर मला कोन दारात उभा करत नाय. बेलपाड्याची मैनाबाय जमीन विकाया काढते, पन माझ्याशी बोलत नाय. पोरांना काय खायाला घालू?"

"बस, चहा घे," शेठ म्हणाले.

"चाय नको, शेठ. मला मोकला करा."

शेठ उठले. मग त्यांनी टोपी घातली.

पुढचं मला बुधाजीने सांगितलं. बेलपाड्याला मैनाबाईच्या अंगणात शेजारपाजारची माणसं जमली. शेठने बुधाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "हा आजपासून मोकळा. ह्याचा शब्द आता ह्याचा. माणूस सोन्यासारखा आहे, बिनधास्त व्यवहार करा." पहिल्यांदा कोणाला नीट ऐकू आलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

मैनाबाईने लगेच बुधाजीला ओटीवर बसायला सांगितलं. जमिनीचं बोलणं निघालं. शेठ अंगणातच उभे. आता त्या बोलण्यात त्यांचं काहीच काम नव्हतं.

ते निघाले तेव्हा उन्हं उतरली होती. मैनाबाईला राहवलं नाही. "शेठ, एकलं कुठं जाता? बुधाजी, पनवेलपर्यंत सोडून ये त्यांना. जमीन काय पलून जात नाय."

बुधाजी चपला घालायला उठला.

"नको रे," शेठ म्हणाले. "वाटेत कोणी आपल्या दोघांना बरोबर बघितलं, तर पुन्हा तुला माझाच समजतील."

आणि ते एकटेच चालू लागले.