उपरण्याखालचा हात

आबांनी दुकानदाराचा हात हातात घेतला आणि वरून आपलं उपरणं टाकलं. दुकानदाराने हात असा झटकला की काउंटरवरचा चहाचा कप कलंडला. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. सावकाश. एकेक बोट. आबा बघत होते. मी बघत होते. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं बघत होती.

"काका, हे काय? हात कशाला धरता माझा?"

आबा म्हणाले, "भाव करायचा ना सायेब. चारचौघांत कशाला बोलायचं?"

सगळं दुकान हसलं. एका कॉलेजच्या पोराने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. आबांचा हात उपरण्यासकट तसाच काउंटरवर. तो मागे घ्यायचा असतो हेही त्यांना सुचलं नाही.

आम्ही धनगर. सोयगावच्या डोंगराखालचं गाव. मेंढ्यांच्या बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातात हात घेतात, वर कापड टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. कोण किती खाली उतरला, कोणाची किती नड होती, हे त्या दोघांतच राहतं. गरजवंताची अब्रू झाकायची ही रीत. माझ्या बापाने त्या दुकानदाराला एवढा मान दिला होता. त्याने तो रुमालाला पुसला.

आता मी तिथे कशाला गेले होते ते सांगते.

मी शहरात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायचे. वाढदिवस, नेमणुका, भावपूर्ण श्रद्धांजली. दिवसभर पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करायचे. राहायला मुकुंदवाडीत खोली. आणि मी गेम खेळते. पोरगी गेम खेळते म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या लग्नाचं विचारतात. खेळता खेळता मला एक गोष्ट खटकायची. गेममधले डोंगर खोटे वाटायचे. ज्याने ते केले तो कधी डोंगर चढलेलाच नसणार. पाऊस थांबल्यावर ओहोळ कुठून उतरतो, मेंढरं कुठली वाट धरतात, झाडं एकाच अंगाला का वाकतात, हे त्याला माहीतच नाही. मला माहीत होतं. म्हणून मी गेमसाठी डोंगर, घरं, रस्ते करायला शिकले. इकडून तिकडून, व्हिडिओ बघून.

पुण्याच्या एका स्टुडिओने माझं काम बघितलं आणि चाचणी दिली. एक डोंगर करायचा, पायथ्याशी गाव, आणि त्यातून खेळणाऱ्याला फिरता आलं पाहिजे. जमलं तर घरून नोकरी. अट एकच, कॉम्प्युटर स्वतःचा आणि दणकट पाहिजे. फ्लेक्सच्या दुकानातला तर माझी फाइल उघडतानाच मान टाकायचा.

मग मी पार्ट निवडायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि मोबाइल दुसऱ्या. असा कॉम्प्युटर तयार मिळत नाही, एकेक वस्तू निवडून जोडून घ्यावा लागतो. डोंगर पडद्यावर उभा करायचा तर ग्राफिक कार्ड चांगलं हवं. डिझाइनला रॅम जास्त लागते, तिथे कंजूषपणा केला की सगळंच अडकतं. मॉनिटर खरे रंग दाखवणारा, कारण पडद्यावरचं भगवं छापल्यावर विटकरी निघतं हे मी रोज भोगत होते. कॅबिनेटला जाळी हवी, माझ्या खोलीत धूळ फार. दिवेबिवे नकोत. मला झगमगाट विकत घ्यायचा नव्हता. आबांनी मेंढ्या विकल्या आणि एसटीने आले. म्हणाले, "बाई, घेताना मी संगं ऱ्हातो. बाजारात मानूस संगं असावं."

औरंगपुऱ्याच्या बाजूला ते मोठं दुकान. मालक गोरा, चाळिशीचा, शुद्ध बोलणारा. मी पार्टची नावं सांगितली. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"काम काय करता?"

मी सांगितलं.

"फ्लेक्सला एवढं कार्ड कशाला? जुना ऑफिसचा सेट देतो, मस्त चालेल."

"फ्लेक्सला नाही. गेमचं डिझाइन करायचंय. आणि खेळतेही मी."

तेव्हा त्याने वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग आबांच्या चपलांकडे. "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणालेच नव्हते. सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला. तो अच्छा मला शाळेपासून ओळखीचा आहे. बाई हजेरी घेताना तो यायचा, घरमालकाने खोली दाखवताना आला होता. "चांगलंय. आजकाल सगळेच डिझायनर झालेत. पण त्याला जरा नजर लागते हो. ती घरातून यावी लागते."

मी परत पार्टची नावं घेतली. तो परत जुन्या सेटवर आला. आबांना वाटलं, पोरीचं घोडं भावापाशी अडलंय. म्हणून ते पुढे झाले आणि त्यांनी उपरणं काढलं. पुढचं सांगितलंच.

हसणं थांबल्यावर मालकाने त्या पोराचा मोबाइल घेऊन व्हिडिओ बघितला. परत बघितला. आणि माणूसच बदलला. खुर्ची मागवली, आबांना बसवलं.

"काका, भारी आहे हे. आपण याचा रील करू. डोक्याला पटका बांधा, खांद्यावर घोंगडी घ्या, आणि आत्ता केलंत तसंच करायचं. माझा हात धरायचा, वर कापड. मी दचकतो. एखादं कोकरू आणता आलं तर बघा." मग माझ्याकडे वळून, "मेंढपाळाच्या पोरीचा गेमिंग पीसी. लोकांना असलं आवडतं. तुम्ही म्हणाल ते कार्ड देतो, रॅमही जुन्या भावात. बाहेर भाव काय झालेत माहितीये ना?"

माहीत होतं. म्हणजे हवं ते सगळं समोर होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

आबा म्हणाले, "करू की. हातच धरायचाय." आणि टोपी काढून केसांवरून हात फिरवायला लागले. फोटोला बसताना करतात तसं. माझा बाप माझ्यासाठी माकड व्हायला तयार होता, आणि त्याला ते काही फार मोठं वाटत नव्हतं.

मी काउंटरवरचं उपरणं उचललं.

"नको. आबा, चला."

"अगं, तुझ्याच भल्याचं आहे," मालक म्हणाला. आत्तापर्यंतचं तुम्ही गेलं, अगं आलं.

"ज्यांचा हात लागला म्हणून बोटं पुसलीत, त्यांचा हात आता पैसे देऊनही मिळणार नाही."

"ॲटिट्यूड बघा," तो गिऱ्हाइकांना म्हणाला. आम्ही बाहेर पडलो.

तुम्हाला वाटेल, बापाला पोरीचा अभिमान वाटला असेल. नाही. बसस्टँडवर आबा माझ्यावर भडकले.

"बोटं पुसली ते मला दिसलं नाय का? दिसलं. मेंढरं घिऊन रानोमाळ फिरतो, लोक काय काय बोलत्यात, ते बी आईकतो. काम काढून घ्यायचं आन् निघायचं. तू काम बी सोडलं. काय भेटलं तुला?"

मला रडू आलं, ते रागाचं होतं. आबा सिल्लोडच्या गाडीत बसले. खिडकीतून त्यांनी बघितलं नाही.

मी दुसरी दुकानं फिरले, ऑनलाइन बघितलं. रॅमचे भाव रोज चढत होते. आबांनी माझ्याकडे ठेवलेल्या पैशांत बसवायला मी आधी मॉनिटर सोडला, मग कार्ड लहान केलं. शेवटी जे उरलं त्यात माझा डोंगर उभा राहिला नसता. चाचणीची मुदत गेली. स्टुडिओने कळवलं, शुभेच्छा, पुढे कधी संधी असेल तर बघू. पैसे मी आबांना परत पाठवले. त्यांनी बारकी कोकरं घेतली.

त्या दुकानदाराने रील केलाच. सामान पोचवणाऱ्या माणसाला पटका बांधला, घोंगडी दिली. मागून मेंढ्यांचा आवाज टाकला. रील तुफान चालला. माझ्याच गावातल्या पोरांनी मला तो पाठवला, हसण्याचे चेहरे लावून. त्यांचे बापही उपरण्याखालीच भाव करतात.

पुढे त्याने दुसरी शाखा काढली आणि बॅनरची ऑर्डर नेमकी आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आली. आमच्या मालकाने ते चित्र माझ्या स्क्रीनवर उघडलं. पटकेवाला, उपरणं, धरलेला हात. खाली लिहायचं होतं, 'मेंढरांचा नाही, कॉम्प्युटरचा भाव करा.'

"म्हातारा अजून जरा बावळट दिसला पाहिजे म्हणालेत," मालक म्हणाला. "दात पुढे काढ त्याचे."

आमचा मालक वाईट माणूस नाही. पगार वेळेवर द्यायचा, आई आजारी होती तेव्हा न विचारता सुट्टी दिली होती. त्याला यात काही वावगं दिसलंच नाही. कोणालाच दिसत नाही. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

"हे मी करणार नाही."

"ऑर्डर आहे."

"असू दे. हा माझा बाप आहे."

त्याने परत चित्राकडे बघितलं. त्याला वाटलं मी उगाच भावनेच्या भरात बोलतेय. "अगं, हा कोणीतरी मॉडेल आहे. तू नाही केलंस तर दुसरा करील."

"करू दे."

"मग उद्यापासून येऊ नको."

दुसऱ्याने केलंच. बॅनर चौकात लागला. दात पुढे आलेले. मी त्याच्याखालून जाते, कारण काम शोधायला जायचा रस्ता तोच आहे. खाली माणसं सिग्नल सुटायची वाट बघत असतात, वर बघून हसतात आणि निघून जातात.

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. नोकरी नाही. आबा फोन करतात, जेवलीस का विचारतात आणि ठेवतात. चूक माझी होती असं त्यांना अजून वाटतं. पटवायला माझ्याकडे काहीच नाही. मी जिंकले असते तर ही गोष्ट सांगायला सोपी होती. मी जिंकलेले नाही, आणि पुढे जिंकेन असंही मला वाटत नाही. तो डोंगर डोक्यातच राहील कदाचित, आणि त्या स्टुडिओत कोणीतरी परत खोटा डोंगर करील.

पण त्या नोकऱ्या, ती दुकानं, ती शुभेच्छा देणारी माणसं यांच्या दारात मी जाईन ती माझ्या नावाने आणि माझ्या कामाने. बापाला हसू द्या म्हणजे आत घेतो, असं जिथे म्हणतील, तिथून मी उठून येईन. आता उठले तशी. परत परत. हातात काही नसताना उठता येतं, हे मला कळलंय. उपाशी असतानाही मी उठणार आहे.