सातव्या क्रमांकावर डावीकडे

शुक्रवारी संध्याकाळी यायचं आणि रविवारी दुपारी परतायचं, अशा बेतानं त्या शहरात माणसं येतात. उतरल्या उतरल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दोन दिवसांत काय काय पाहून होईल?" आणि तो प्रश्न ज्या खिडकीत विचारला जातो, तिच्यामागे बावीस वर्षं एकच बाई बसलेल्या आहेत. इमारत जुन्या जकातघराची. समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी बांधलेली, भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस आडवा होऊन झोपेल. तळमजल्यावर पर्यटन कचेरी. बाईंचं काम म्हणजे कानाला लावायचं यंत्र द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं आणि त्याच्या कानपट्ट्या ओल्या फडक्यानं पुसून ठेवायच्या.

या यंत्रातून जो आवाज बोलतो, तोही बाईंचाच.

बावीस वर्षांपूर्वीचा, अर्थात. तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या आणि आवाज असा होता की टेलिफोनवर त्यांनी "चुकीचा नंबर" म्हटलं, तरी पलीकडच्याला फोन ठेववत नसे. आता तो जरा जाड झाला आहे, कडेला थोडा फाटलाही आहे. पाहुणे यंत्र घेतात, कानाला लावतात, "या, आपण हळूहळू चालू या," असं ऐकून खूश होतात आणि ते देणाऱ्या बाईकडे न बघता पायऱ्या उतरतात. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

कचेरीत मात्र बाईंना त्यांच्या पाठीमागे 'डावीबाई' म्हणतात. पाठीमागे म्हणजे अगदी ऐकू जाईल इतपतच मागे. त्याचं कारण यंत्रातला सातवा क्रमांक, म्हणजे फेरीतलं सातवं ठिकाण.

बाई जन्मानं डावखुऱ्या. शाळेत पहिल्याच वर्षी मास्तरीणबाईंनी पेन्सिल काढून दुसऱ्या हातात दिली आणि दटावलं, "हा लिहायचा हात." तेव्हापासून डावं आणि उजवं ही दोन भावंडं त्यांच्या डोक्यात एकमेकांच्या जागेवर जाऊन बसली, ती पुन्हा काही जागची झाली नाहीत. वळायची वेळ आली की बाई बोटं किंचित हलवून बघतात. पेन्सिल धरायला जो हात आधी शिवशिवतो, तो डावा. पद्धत चांगली आहे, पण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी दोन्ही हातांत कागद होते. कागदावर लिहिलं होतं, "पूल ओलांडून उजवीकडे वळा. वर पाहा. या गॅलरीत बसून गव्हर्नर बंदरात शिरणारी गलबतं मोजत असे." बाईंनी ते अतिशय गोड आवाजात वाचलं आणि उजवीकडेच्या जागी डावीकडे म्हणाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभरानं आलं तेव्हा त्या वेळचे साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी दुरुस्त करू." ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही.

बावीस वर्षं हे बाईंच्या मनात काट्यासारखं राहिलं. घरीसुद्धा सुटका नव्हती. टपालखात्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान चहा करताना आतून विचारत, "अगं, साखर डावीकडच्या डब्यात की तुझ्या डावीकडच्या?" बाई हसत, पण त्या पुलापलीकडे त्या एकदाही गेल्या नाहीत. आपल्या चुकीच्या दारात कोण आपणहून जाऊन उभं राहतं?

अखेर या वर्षी नवे साहेब आले आणि त्यांनी सगळंच नव्यानं मुद्रित करायचं ठरवलं. बाईंना बोलावून म्हणाले, "आवाज तुमचाच ठेवतो. लोकांना सवय आहे. पण या खेपेला सातव्या क्रमांकावर घोळ झाला, तर मी संगणकाचा आवाज लावीन. त्याला डावं-उजवं शिकवावं लागत नाही."

बाई घरी जवळजवळ उडतच आल्या. आपल्या हयातीत ही चूक पुसली जाणार, यापेक्षा मोठं सुख त्यांना त्या घडीला दुसरं दिसत नव्हतं. रोज रात्रीच्या जेवणाआधी स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. बाई वाचत, यजमान पोळपाटावर बोट आपटून ताल धरत आणि 'उजवीकडे' आलं की लाटणं उंच करत.

मुद्रणाला आठ दिवस उरले असताना एक पाहुणीण यंत्र परत करायला आली. ती म्हणाली, "सगळं छान होतं. तोफांचा चौथरा, चर्चची रंगीत काच, दोरखंडांची वखार. पण सगळ्यांत आवडलं ते गव्हर्नरचं घर. गॅलरीतल्या आजोबांना आमची आठवण सांगा हं."

बाई गोंधळल्या. गव्हर्नरच्या घरात आजोबा कुठले? त्यांच्या ऐकिवात तर तिथं कुलूप, पितळी पाटी आणि जांभया देणारा पहारेकरी. त्यांनी कपाटातून अभिप्रायाच्या जुन्या वह्या काढल्या. इतकी वर्षं त्या त्यांनी मुद्दामच उघडल्या नव्हत्या, कारण आपली चूक दहाजणांच्या अक्षरात वाचायची हौस कुणाला असते! आता चाळल्या तर पानोपानी तेच. 'गव्हर्नरचं घर अपेक्षेपेक्षा लहान, पण वरचे गृहस्थ फार अदबशीर.' 'त्यांनी आम्हाला हात केला.' 'मुलीला विचारलं, फळ्यावरचं नीट दिसतं का.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्धी रजा टाकली, एक यंत्र कानाला लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या आपल्याच मागे चालू लागल्या.

दुपारचं ऊन मऊ झालं होतं. जकातघराच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या, तिथं पाय ठेवताना आपोआप सावकाश व्हावं लागे. कानात ती छत्तीस वर्षांची बाई बोलत होती. "इथे थोडं थांबा. तोफांची तोंडं समुद्राकडे आहेत, पण त्यातली एकही कधी उडाली नाही." बाई थांबल्या. तोफेच्या पाठीवर हात ठेवला तर ती एखाद्या म्हशीच्या पाठीसारखी उबदार लागली. चर्चमध्ये शिरल्या तेव्हा लाल-निळा उजेड फरशीवरून सरकत त्यांच्या पदरावर आला आणि थोडा वेळ तिथंच राहिला. वखारीच्या अंधारात दोर आता उरले नव्हते, तरी त्यांचा डांबरट वास अजून होता. कालव्याचं पाणी हलत नव्हतं. दोन्ही काठांवरची उंच, अरुंद, पिवळी घरं पाण्यात उलटी उभी होती आणि खरी कोणती, असा प्रश्न पडावा इतकी ती शांत होती. बाईंना वाटलं, ही मुलगी किती विश्वासानं बोलते आहे! हिला पुढचं काहीच ठाऊक नाही. आवाज जाड होणार, आई जाणार, लोक नावं ठेवणार. बाईंना तिची एकदम माया आली. इतकी वर्षं आपण हिच्यावर रागावलो होतो, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

पूल ओलांडल्यावर ती मुलगी म्हणाली, "डावीकडे वळा." बाई निमूटपणे वळल्या.

साधी गल्ली होती. पडवीत टेकवलेली सायकल, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, कुठेतरी भांडी विसळल्याचा आवाज. "वर पाहा," कानातली मुलगी म्हणाली. बाईंनी वर पाहिलं. लाकडी गॅलरीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी, भांग असा की पट्टीनं आखावा.

"या!" त्यांनी वरून हात केला. "एकट्याच? बसा पायरीवर. चढ नाही, पण पूल दमवतो."

बाई कानपट्टी काढून बसल्या. गृहस्थ बोलायला उत्सुकच होते. चाळीस वर्षं त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. घर गव्हर्नरचं नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. "खरं घर पूल उतरून उजवीकडे आहे. त्या यंत्रातली मुलगी चुकते. पहिल्यांदा लोक येऊन असे वर बघायला लागले, तेव्हा आम्हाला वाटलं छपराला आग लागली. मग कळलं. आमची ही तर काय, लोक दिसले की ओरडायची, 'अहो गव्हर्नर, टॉवेल आत घ्या!'"

ते हसले आणि हसता हसता गॅलरीच्या कठड्यावरून हात फिरवू लागले.

"आठ वर्षं झाली तिला जाऊन. गेली, आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो. मुलगी डबा आणायची, म्हणायची, 'बाबा, उठा ना.' कशासाठी उठू? तीन महिने गेले. एक दिवस खालून बोलणं ऐकू आलं. उठून बघतो तर पाचसहाजण आ वासून वर बघताहेत. माझ्याकडे हो! दाढी वाढलेली, बनियन फाटकं. लाजलो. म्हटलं, लोक एवढ्या लांबून येऊन वर बघणार आणि वर असलं ध्यान! दुसऱ्या दिवशी दाढी केली. तेव्हापासून रोज करतो. बघा, चुकवलेली नाही."

बाईंनी वर पाहिलं. त्या म्हणाल्या, "पण ते चुकून येतात, याचं वाईट नाही वाटत?"

"अहो, चुकून येतात हेच तर बरं. मुलगी येते, शेजारी येतात, डॉक्टर येतो. सगळे मुद्दाम येतात. मुद्दाम आलेल्या माणसाच्या डोळ्यांत लिहिलेलंच असतं, आज कसं वाटतंय म्हणून. जन्मभर डोळे तपासलेत मी, मला वाचता येतं. ही माणसं तशी बघत नाहीत. काहीतरी मोठं बघायला आल्यासारखी बघतात."

"मी कचेरीत ओळखते थोडं," बाई चाचरत म्हणाल्या. "तुमच्या घराचाही उल्लेख करा, असं सांगितलं तर?"

"छे, छे! म्हणजे मी प्रदर्शनात ठेवलेली बरणी! मग आत जाऊन झोपलेलं काय वाईट?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या मुलीला मात्र सांगावंसं वाटतं हो काहीतरी. फार गोड बोलते. चुकली म्हणून तिला कुणी बोललं नसेल ना?"

"बोलले," बाई म्हणाल्या. "थोडंसं."

त्या रात्री स्वयंपाकघरात तालीम झाली नाही. यजमान लाटणं घेऊन तयारीत उभे होते. त्यांनी विचारलं, "काय गं, पाठ झालं?" बाई म्हणाल्या, "झालं." आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. एकीकडे बावीस वर्षांचा काटा निघणार होता, लोकांची तोंडं बंद होणार होती. दुसरीकडे एक माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपणार होता. आणि चूक केली तर आवाजही जाणार, तो कायमचा. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की ती चूक राहत नव्हती.

मुद्रणाची खोली एका दिवसापुरतीच मिळाली होती. काचेपलीकडे साहेब आणि टक्कल पडलेले, थकल्या डोळ्यांचे एक मुद्रणवाले गृहस्थ बसले. पहिले सहा क्रमांक असे उतरले की साहेब खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून ऐकू लागले. आवाज जाड झाला होता, पण आता त्यात पायऱ्यांची झीज होती, कालव्याचं पाणी होतं. मग सातवा आला. या वेळी बाईंनी कागद मुद्दाम टेबलावर ठेवला होता. हात मोकळे होते. एका हाताची बोटं पेन्सिलीसाठी शिवशिवली आणि कोणता हात कोणता, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका उरली नाही.

"पूल ओलांडून डावीकडे वळा," त्या म्हणाल्या. "वर पाहा."

साहेबांनी डोळे उघडले. "बाई! उजवीकडे!"

"चुकलं, साहेब."

पुन्हा घेतलं. बाई पुन्हा डावीकडे म्हणाल्या. तिसऱ्यांदाही तेच. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि मुद्रणवाल्यांकडे वळले. "दुसरीकडचं 'उजवीकडे' कापून इथं चिकटवता येईल ना?"

मुद्रणवाल्यांनी काचेतून बाईंकडे पाहिलं. बाईंचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. त्या गृहस्थांनी बटणांवरचा हात काढून घेतला.

"चिकटवलेलं कानाला खटकतं, साहेब," ते म्हणाले. "सगळा क्रमांक बिघडेल."

साहेब खोलीत दोन येरझाऱ्या घालून आले. संगणकाचा आवाज त्यांनी सकाळीच ऐकून पाहिला होता. तोफा, चर्च आणि कालवा त्यात वाणसामानाच्या यादीसारखे एकामागून एक आले होते. ते बाईंना ठाऊक नव्हतं. त्या मांडीवर हात ठेवून निकालाची वाट बघत होत्या.

"राहू द्या," शेवटी साहेब म्हणाले. रागही नव्हता त्या स्वरात, कीवच होती, आणि ती जास्त लागली. "बावीस वर्षं चाललंय तसं चालू द्या. पण बाई, एकदा कबूल तरी करा. या वयातही तुम्हाला डावं-उजवं कळत नाही."

"नाही कळत, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आठव्या क्रमांकाचं पान पुढे ओढलं.