बंदुकीच्या दस्त्याचं माप

समोरची वस्तू मुळात होती तशीच आहे का, हे तपासल्याशिवाय ज्याच्या घशाखाली चहा उतरत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे थोरले मामा. नगरला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी हयातभर बंदुका दुरुस्त केल्या आणि निवृत्तीनंतर जुन्या विलायती बंदुका तपासून द्यायचा नाद लावून घेतला. कुणी आजोबांची दुनळी घेऊन आलं की मामा ती सुटी करत, नळ्यांच्या पोटाखालचे छाप भिंगातून वाचत, लोखंडावरचा आणि लाकडाखालचा नंबर एकच आहे ना ते पाहत आणि मग थेट विलायतेच्या कारखान्याला पत्र टाकत. "कारखान्याच्या वहीत प्रत्येक बंदुकीचा जन्म लिहिलेला असतो, जावईबापू," ते मला सांगत. "माणसांच्या दाखल्यांवर माझा एवढा विश्वास नाही." हा नाद बंदुकांपुरता राहता तर चाललं असतं. पण लग्नाच्या पंगतीत वाढपी यायच्या आत ते ताट उलटं करून बुडाचा छाप वाचत. आमच्या भिंतीवरचं घड्याळ त्यांनी एका दुपारी उघडलं आणि लंबक दुसऱ्याच घड्याळाचा असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून त्या घड्याळावर माझा विश्वास उरला नाही. एका जागी बसणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. बोलता बोलता उठत, खिशातल्या पोलादी पट्टीनं खिडकीचा गज मोजत, परत बसत, पुन्हा उठत. ते येऊन गेले की आम्हीच दमलेले असू.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी तिसगावचा एक तरुण शेतकरी त्यांच्याकडे आला. घरी वडिलांची दुनळी होती. पुण्याचे एक शौकीन गृहस्थ ती घ्यायला तयार होते, पण कारखान्यातून निघाली तशीच त्यांना हवी होती आणि तसं मामांनी लिहून द्यावं अशी अट होती. मामा मला घेऊन एसटीनं तिसगावला गेले. ओसरीवर त्याचे वडील, म्हातारबा, बाजेवर बसले होते. बायको जाऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, हे स्टँडवर घ्यायला आलेल्या पोरानं वाटेतच सांगितलं होतं. त्यांनी मांडीवरची बंदूक जरा सावकाशच पुढे केली. नंबर सगळीकडे एकच निघाला, छापही स्वच्छ होते. पोरगा खुशीत आला. मामा मात्र दस्त्याचं, खांद्याला टेकतं ते, टोक अंगठ्यानं चोळत राहिले.

"इथं बारीक जाळीची नक्षी असायला हवी. हे गुळगुळीत कसं?"

म्हातारबांनी हात पुढे करून बंदूक परत मांडीवर घेतली.

पत्र गेलं आणि पुढचे तीन महिने मामांनी पोस्टमनला सुखानं जगू दिलं नाही. सकाळी कोपऱ्यावर, दुपारी पोस्टात, संध्याकाळी आमच्याकडे. "वहीला वाळवी तर लागली नसेल?" हे त्यांनी इतक्यांदा विचारलं की माझ्या बायकोलाही विलायतेतल्या वाळवीची काळजी लागली. शेवटी पाकीट आलं. नंबर जुळला, नळ्यांची लांबी जुळली. दस्ता मात्र वहीत साडेचौदा इंच होता आणि मामांच्या टिपणात सव्वातेरा. आम्ही पुन्हा तिसगावला.

"द्या की लिहून, साहेब," पोरगा म्हणाला. "सव्वा इंच कोन मोजाया बसलंय?"

"मी बसलोय," मामा म्हणाले आणि म्हातारबांकडे वळले. "हा दस्ता कुणी कापला?"

"म्या," म्हातारबा म्हणाले. "लई वर्सं झाली. पाय मोडून पडल्तो. ज्वारीत डुकरं शिरायची आन् राखनीला हिच्याबिगर कुनी न्हवतं. ही बुटकी. बंदूक खांद्याला बसंना, तवा हिच्या मापाची केली."

"आईनं बंदूक चालवली?" पोरानं विचारलं.

"तू झोळीत हुतास. बार झाला की रडायचास."

म्हातारबा आत गेले आणि फडक्यात बांधलेला लाकडाचा तुकडा घेऊन आले. त्याच्या टोकावर जाळीची नक्षी होती. "ह्यो ऱ्हायलाय. जोडता येतोय का बगा. पोराला इकायची हाय." बोलताना ते पोराकडे बघत नव्हते.

मामांनी तुकडा दस्त्याला लावला. लाकडाची रेघ रेघेला मिळाली. पट्टी धरली, तर साडेचौदाला फक्त करवतीनं खाल्लं तेवढं सूतभर कमी. जोडणं त्यांना अवघड नव्हतं. वर्कशॉपात याहून मोडकी हत्यारं त्यांनी उभी केली होती. ते अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. मग तुकडा फडक्यात होता तसा बांधून त्यांनी म्हातारबांच्या हातात ठेवला.

"जोडता येतोय," ते म्हणाले. "पण मी नाही जोडणार."

आणि उभ्याउभ्याच कागदावर लिहिलं: 'नळ्या मूळच्या. दस्ता मालकानं पत्नीच्या मापानं कापलेला.' पोरानं ते बराच वेळ वाचलं. "पुन्याला न्हाई म्हनून कळवतो," तो म्हणाला आणि कागदाची घडी करून खिशात घातली. पुण्याच्या गृहस्थांनी तो कागद कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

परतताना एसटी करंजीच्या घाटात होती. मामांनी एकदम विचारलं, "जावईबापू, तुमच्या मामींची उंची काय असेल हो?"

मामी माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी त्यांना फोटोत पाहिलं होतं, तेही खुर्चीत बसलेलं. मी तसं सांगितलं. मामांनी खिशातली पट्टी काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली.

"माझ्या खांद्यापर्यंत येत होती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बहुतेक."